डॉक्टर, तुमचा फोन!

"साहेब, तुम्ही डॉक्टर का?" असं पोहायच्या टँकवरच्या मामांनी विचारलं आणि मी हो म्हणालो.

एवढंच झालं. मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे साडेसहा, पहिली बॅच, मी एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने काठावरची प्लॅस्टिकची पिशवी उघडत होतो, गॉगल कपाळावर, नाकात पाणी गेलेलं, आणि मामा वर उभे, हातात त्यांचा तो लांब बांबू. अगदी साध्या उत्सुकतेने विचारलं होतं त्यांनी. हा माणूस दर तीन राउंडनंतर थांबतो, फोन बघतो, परत जातो, म्हणजे डॉक्टरच असणार असा त्यांचा हिशोब. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण मान हलली आणि तोंडातून "हो, म्हणजे तसंच" असं काहीतरी बाहेर पडलं. हे "तसंच" मी नंतर स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं, की बघ, पूर्ण खोटं नाही बोललास. मामांनी ते "तसंच" ऐकलंच नव्हतं. "वाटलंच मला" म्हणाले आणि माझी पिशवी उचलून शिंतोड्यांपासून दोन फूट मागे ठेवली, देव्हाऱ्यातला टाक उचलावा तशी, दोन्ही हातांनी.

आता मी कोण ते सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पुण्यात दर दुसऱ्या घरात एक असतो तसला, आणि दर सहा आठवड्यांनी एक आठवडा माझा ऑन-कॉल असतो. त्या आठवड्यात काही बंद पडलं की यंत्रातली एक बाई मला फोन करते, थंड आवाजात काय बिघडलंय ते वाचून दाखवते आणि अमुक आकडा दाबा म्हणते. तो दाबला की "ॲक" झालं, म्हणजे माणूस जागा आहे, बघतोय. पाच मिनिटांत ॲक नाही झालं तर बाई सेकंडरीला, म्हणजे त्या आठवड्याच्या राखीव माणसाला, उठवते, त्याने नाही उचललं तर मॅनेजरला, आणि मग सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी काही बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. आमचा क्लायंट टेक्ससमध्ये सोफे विकतो. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे आठ झालेले असतात, जेवणं उरकून लोक जुन्या सोफ्यावर बसून नवे सोफे बघत असतात, ऐन गर्दीची वेळ. आणि पहिल्या बॅचची पण नेमकी हीच वेळ. सातच्या बॅचला शाळकरी पोरं असतात, धपाधप मुटके मारतात, त्यांच्यातून सरळ रेषेत पोहणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या शनिवारी लक्ष्मी रोडवर सायकल घालणं.

म्हणून मी एक गणित बसवलं होतं आणि त्या गणिताचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता. आमचा टँक पंचवीस मीटरचा. जाऊन-येऊन एक राउंड, पन्नास मीटर, त्याला मला सव्वा मिनिट लागतं. तीन राउंड म्हणजे पावणेचार मिनिटं. मी निघाल्यानिघाल्या फोन वाजला तरी परत भिंतीला लागेपर्यंत सव्वा मिनिट शिल्लक राहतं आणि तेवढ्यात पिशवी उघडून ॲक होतं. चार राउंड केले तर बरोबर पाच मिनिटं, म्हणजे गेलंच सेकंडरीला. म्हणून तीन. तीन राउंड, फोन. तीन राउंड, फोन. एरवी बॅचमध्ये माझे चोवीस राउंड होतात, बाराशे मीटर. ऑन-कॉलच्या आठवड्यात सोळा, फार तर सतरा. बाकीचा वेळ पिशवीला जातो. कारण पिशवीवरचे थेंब स्क्रीनला बोटच वाटतात. एकदा तर मी नुसता बघत असताना एका थेंबाने घसरत घसरत जाऊन फोन कट केला, माझ्या डोळ्यांदेखत. बोटं सुरकुतलेली, ओली, त्यांना स्क्रीन ओळख देत नाही. म्हणून टॉवेलचा एक कोपरा कोरडा ठेवायचा, फक्त उजव्या अंगठ्यासाठी. पिशवी, टॉवेल, अंगठा, ॲक. पूजा सांगितल्यासारखं सगळं क्रमाने.

बायको म्हणाली एक आठवडा नको जाऊस पोहायला. बरोबरच होतं तिचं. पण पोहणं सोडलं की माझी कंबर तिसऱ्या दिवशी बोलायला लागते, आणि दुसरं म्हणजे... दुसरं नंतर सांगतो.

तर वाढदिवसाला तिने घड्याळ आणलं. मागे ५० मीटर असं कोरलेलं, पाण्यात चालतं, फोन आला की मनगटावर थरथरतं. मी खूश. पहिल्याच दिवशी पेज, म्हणजे त्या बाईचा फोन, आला सहा बत्तीसला, सेकंडरीने उचलला सहा सदतीसला आणि माझं मनगट थरथरलं पावणेसातला, शॉवरखाली. मग रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की चूक घड्याळाची नव्हतीच. घड्याळ नि फोन बोलतात ब्लूटूथवर, त्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, आपल्या मायक्रोवेव्हच्या शेजारच्याच, आणि पाणी त्या काही सेंटिमीटरांतच पिऊन टाकतं. फ्रीस्टाइल मारताना हात पाण्याबाहेर येतो तेवढा अर्धा-पाऊण सेकंद ते घड्याळ बिचारं फोनला हाका मारणार, की परत हात पाण्यात. पलीकडच्या टोकाला तर पंचवीस मीटरवर हाक पोचतच नाही. मला ते चित्र फार केविलवाणं वाटलं, मी इकडे निवांत हात मारतोय आणि मनगटावर एक जीव दर हाताला वर येऊन "हॅलो? हॅलो?" करतोय. घड्याळ आता फक्त राउंड मोजतं. आणि पोहून झाल्यावर स्पीकरमधलं पाणी उडवायला ते टूं टूं आवाज करतं, तेव्हा आख्खा टँक माझ्याकडे बघतो.

त्याच रात्री, झोप उडालेली, एक वाचता वाचता दुसरं, तसा मी पाणबुड्यांवर जाऊन पोचलो. पाण्याखालच्या माणसाला बोलवायचं कसं हा प्रश्न माझ्या आधी नौदलांना पडलेला आहे. आपलं एक केंद्र तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन, तिथून अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर पाणबुड्यांना निरोप जातात, कारण लहर जितकी लांब तितकी ती पाण्यात खोल उतरते. त्या लहरीसुद्धा समुद्रात दहा-वीस मीटरच. अमेरिकेने त्याहून खोल जायला विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या जंगलात मैलोन् मैल तारा टाकून ७६ हर्ट्झवर एक यंत्रणा चालवली, २००४ मध्ये बंद केली. ती इतकी संथ होती की तीन अक्षरांचा कोड पोचायला पंधरा मिनिटं जायची. मग निरोप तरी काय द्यायचा तीन अक्षरांत? तर एवढाच, की वर ये, बाकीचं वर आल्यावर सांगतो. ते लोक तिला घंटा वाजवणारी यंत्रणाच म्हणायचे. रात्रीचे दीड वाजले होते आणि मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी बायकोला उठवून सांगणार होतो. नाही उठवलं.

मामांना यातलं काही माहीत नसताना त्यांनी आपली घंटा स्वतःच शोधून काढली.

मी डॉक्टर झाल्यापासून माझा फोन ही त्यांची जबाबदारी झाली होती. मी पाण्यात उतरायच्या आधीच पिशवी मागून घ्यायचे, त्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली सावलीत ठेवायचे, कुणी जवळून ओला गेला की "ओ, डॉक्टरसाहेबांचा फोन आहे, बघून चाला". पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा त्यांनी हाका मारल्या. वरच्या माणसाला वाटतं एवढं ओरडतोय, ऐकू कसं येत नाही, पण हवेतला आवाज पाण्यात जवळजवळ शिरतच नाही, वरच्या वर परत जातो. खाली फक्त आपले बुडबुडे आणि छातीतली धडधड. मग त्यांनी बांबू पाण्यावर आपटून बघितला, मला वाटलं कुणी सूर मारला. मग एक दिवस मी खोल बाजूला अर्ध्यात होतो आणि एकदम टण्णकन आवाज आला. कुठून आला ते कळेना. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो, दोन्ही कानांवर एकदमच आदळल्यासारखा होतो, त्यामुळे दिशाच लागत नाही, डोक्याच्या आतच कुणी ताट वाजवल्यासारखं वाटतं. वर येऊन बघतो तर मामा स्टीलच्या शिडीपाशी. त्यांच्या बांबूला टोकाला लोखंडी कडं आहे, बुडणाऱ्याने धरावं म्हणून, ते कडं त्यांनी शिडीच्या पायावर हाणलं होतं. शिडीचे पाय पाण्यात. "डॉक्टर, तुमचा फोन!" मी हात मारत काठाला आलो, पिशवी, टॉवेल, अंगठा, ॲक. सर्व्हरची डिस्क ८५ टक्के भरली होती. फक्त भरली होती, थांबली काहीच नव्हती.

आणि तो टण्ण मला ओळखीचा होता. कुठला ते दोन दिवस आठवेना, मग सिग्नलला उभा असताना आठवलं.

पाइप. आमच्या चुलत्यांच्या विहिरीतला पंपाचा पाइप.

तासगावकडचं आमचं गाव, आणि बाबा तेव्हा वीज मंडळात, सबस्टेशन त्यांच्याकडे. ८८-८९ साल असेल. मे महिन्यात दुपारी चारनंतर आम्ही सगळी चुलत भावंडं बाबांबरोबर विहिरीवर. मला पाठीला डबा बांधलेला असायचा, गोडेतेलाचा पत्र्याचा, तोंडाला झाळून बंद केलेला, आणि त्याची कड पाठीत रुतायची ती जागा अजून मी दाखवू शकतो. मोठ्या भावाला पांगाऱ्याचं बिंडं होतं, ते हलकं आणि मऊ, पण ते त्याने मला कधी दिलं नाही. (त्याने हे वाचलं तर वाचू दे.) पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत, कपारीत कबुतरं, वरचं पाणी कोमट आणि एक पुरुष खाली गेलं की एकदम गार, असं की टाचा आखडतात. बाबा तळाला जाऊन मूठभर गाळ वर घेऊन यायचे, तळ लागला याचा पुरावा म्हणून. ते खाली गेले की आम्ही मोजायचो. मी पन्नासच्या पुढे मोजलंय.

घरी फोन नव्हता. किराणा दुकानदाराचा पीपी नंबर होता, तोही निम्मा वेळ मेलेला. त्यामुळे बाबा सबस्टेशनवर सांगून यायचे, विहिरीवर आहे. आणि मग फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी विजेची लाईन, उडाला, काही जळालं, की एक वायरमन सायकल मारत यायचा. रस्त्यावरून बांधावर, बांधावरून सायकल हातात धरून, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. बाबा पाण्याखाली. तो हाका नाही मारायचा. खिशातली पक्कड काढायचा आणि पंपाच्या पाइपवर दोन ठोके. मी एकदा पाण्यात डोकं घालून असताना ऐकलेत ते ठोके, डब्याच्या पत्र्यातून पाठीला पण जाणवतात. बाबा वर यायचे, तोंडावरचं पाणी एका हाताने निपटायचे आणि वर न बघताच एकच शब्द, "कुठला?" म्हणजे कुठला फीडर. मग ओल्या चड्डीवरच पँट चढवून सायकलच्या कॅरियरवर बसून जायचे. मागे आम्ही, आणि पाण्यावर ते गेले त्याच्या लाटा, भिंतीला लागून परत येणाऱ्या. मला तेव्हा त्या वायरमनचा भयंकर राग यायचा.

आणि अभिमान पण वाटायचा, ते मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. की आख्ख्या पंचक्रोशीत लाईट गेली की ज्याला पाण्यातून उठवून न्यावं लागतं तो माझा बाप आहे. शेजारच्या पोरांचे वडील पोहायला आले की कुणी त्यांना न्यायला येत नसे, ते आपले निवांत काठावर बसून तंबाखू मळत. मला त्यांची थोडी कीवच यायची.

मगाशी दुसरं कारण नंतर सांगतो म्हटलं, ते हे आहे. टँकवर चाळीस माणसं पोहत असतात आणि फोन एकट्याचा काठावर असतो. ऑन-कॉलला मी शिव्या घालतो, सगळेच घालतो, आमच्या एका ग्रुपवर तर सुप्रिया सुळ्यांच्या त्या २०१८ च्या खासगी विधेयकाची बातमी, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क वगैरे, कुणीतरी रात्री अकरा चाळीसला टाकली होती आणि अकरा बेचाळीसपर्यंत तिला नऊ अंगठे पडले होते, त्यातला एक माझा. फ्रान्समध्ये २०१७ पासून असा कायदा आहे म्हणे, तिथल्या ऑन-कॉलवाल्यांचं काय करतात कोण जाणे. पण ज्या आठवड्यात माझी पाळी नसते, फोन लॉकरमध्ये असतो, त्या आठवड्यात तिसऱ्या राउंडनंतर माझा हात आपोआप काठाकडे जातो, आणि तिथे काही नसतं. नुसती ओली फरशी. ते मला आवडतं असं मी सगळ्यांना सांगतो.

फरक आहे, तो मला पण दिसतो. त्या वायरमनला तीन किलोमीटर उन्हात सायकल हाणावी लागायची. निघायच्या आधी तो स्वतःशी ठरवत असणारच, की हे साहेबांना सांगण्याइतकं आहे का. फ्यूज असेल तर आपणच बांधू. दहातल्या आठ वेळा तो आलाच नसेल, त्या आठ वेळा आम्हाला कधी कळल्या नाहीत. माझ्या बाईला सायकल मारावी लागत नाही. ८५ झाले की लावला फोन. आणि गंमत म्हणजे तो ८५ चा आकडा तिने नाही ठरवला. मी ठरवलाय. तीन वर्षांपूर्वी, दुपारी, चहा पिता पिता, ९० नको, आपलं सेफ असू दे, म्हणून.

असो. तर मी मामांकडे डॉक्टर म्हणून चार महिने काढले. त्यात आमच्या बॅचला तीन नंबर लेनमध्ये एक मॅडम येतात, त्या खरोखरच्या डॉक्टर, भूल देणाऱ्या. हे मला जुलैत कळलं आणि माझी पोहायची लेनच बदलली. त्यांनी कधी येऊन "तुम्ही कुठे असता" विचारलं तर? एक दिवस शिडीपाशी गाठ पडलीच. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमचा फोन कुठे ठेवता हो? "लॉकरमध्ये," म्हणाल्या. आणि इमर्जन्सी आली तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार मजेशीर प्रश्न विचारला. "माझा कॉल असतो त्या दिवशी मी येतच नाही ना इथे." टोपी घातली आणि गेल्या. दहा-पंधरा सेकंदांचं बोलणं. त्या दिवशी माझे राउंड मोजायचे राहिले.

तरी मी सुधारलो असतो असं नाही. सुधारावं लागलं ते मामांनी रिपोर्ट आणला म्हणून. ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस, टँकवर मोजून सात माणसं. मी पाण्यातून निघालो तसे ते बाहेरून छत्री मिटत आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या फोनसारखीच झिपची पिशवी, मी दिलेलीच होती ती कदाचित, त्यात घडी घातलेला कागद. "मंडळींचा आहे. जरा बघता का डॉक्टर, लॅबवाला काही नीट सांगत नाही." मी अंग पुसलं, कोरड्या अंगठ्याने कागद धरला. तीन महिन्यांची शुगर ८.९. माझ्या आईला शुगर आहे, एवढं मला वाचता येतं, ८.९ हा चांगला आकडा नाही हे कळतं. आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. लॅबच्या कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. त्या क्षणी मला पोटात जे काही झालं ते सर्व्हर पडल्यावर कधीच झालेलं नाही.

"मामा, मी डॉक्टर नाही हो."

ते थांबले. "मग?"

"कॉम्प्युटरचं काम आहे माझं. मी तेव्हा उगाच हो म्हणालो. पण हे वहिनींना दाखवायलाच हवं, या आठवड्यातच, एमडी मेडिसिन कुणी असेल ना जवळ..." मी आपला बोलत सुटलो. तीन नंबर लेनच्या मॅडमचं नाव सांगितलं, त्या ओळखीतलं कुणी नक्की सांगतील म्हटलं. मामा ऐकत होते की नाही कळेना. कागदाची घडी त्यांनी परत होती तशीच घातली, पिशवीत घातली, झिप लावली, आतली हवा दाबून काढली, मी करतो तसं. मग माझ्या फोनकडे हात करून विचारलं, "मग रोज एवढ्या पहाटे कोण मरतंय?"

कुणी नाही, म्हटलं. टेक्ससमध्ये एक कंपनी आहे, सोफे विकते. त्यांची साइट बंद पडली तर लोकांना सोफा घेता येत नाही.

"सोफा," मामा म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला आणि जाऊन खुर्चीत बसले. माझी पिशवी खुर्चीखालीच होती. ती त्यांनी काढून नाही दिली, मीच वाकून घेतली. दुसऱ्या दिवशीपासून मी दोन आठवडे टँकवर गेलो नाही, पाऊस आहे असं घरी सांगितलं. बंद टँकला पावसाने काय होणार होतं, वर पत्रा आहे, बायकोला माहीत आहे.

त्या दोन आठवड्यांत एकदा बाबांना फोन केला. बाबा आता शहात्तरचे, फोन पहिल्या रिंगला उचलतात, अजून. त्यांना विहिरीचं विचारलं, की तुम्हाला असं पाण्यातून उठवायचे त्याचं काही वाटायचं का. मला वाटलं म्हणतील ड्यूटी ती ड्यूटी. ते आधी म्हणालेही तसंच, "लाईट गेली की माणूस येणारच की." मग जरा वेळ काही बोलले नाहीत, मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "एकदा पाइप वाजला, पण मी वर नाही आलो."

"का?"

"खाली गार होतं रे."

मी विचारलं, किती वेळ? "दम सुटंपर्यंत. किती असणार?" आणि हसले. "सावळजचा फीडर होता," एवढं मात्र लगेच सांगितलं. मी तिथे होतो का त्या दिवशी, काठावर, मोजत होतो का, ते विचारायचं राहिलं. पन्नासच्या पुढे मोजलेलं आठवतंय ते कुठल्या दिवशीचं, कोण जाणे.

सप्टेंबरात परत माझी पाळी आली. टँकवर गेलो तर मामांनी न बोलता हात पुढे केला, मी पिशवी दिली, त्यांनी ती खुर्चीखाली ठेवली. वहिनींचं विचारलं. गोळ्या चालू आहेत, भात बंद केलाय आणि त्यावरून घरात रोज भांडणं आहेत म्हणाले. तीन नंबरच्या मॅडमनीच कुणाचा तरी पत्ता दिला होता. माझ्या खोटेपणाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही, तो तसाच त्या ओल्या फरशीवर पडून आहे आमच्या दोघांच्या मधे, आम्ही वळसा घालून जातो. मी उतरलो. पाणी त्या दिवशी छान गार होतं, रात्री नवीन भरलेलं असावं, क्लोरीनचा वास अजून ताजा. पहिला राउंड, दुसरा. तिसऱ्याला जाताना, खोल बाजूला, फरशीवरची ती काळी रेघ खाली बरीच लांब गेलेली असते तिथे, टण्ण.

भिंत मागे सात-आठ मीटर, पुढे सतरा. मागे वळणं सोपं होतं. माझ्या हाताने मला न विचारता पुढचा हात मारला. मग अजून एक. श्वास घ्यायला तोंड वळवलं तेव्हा मामा उभे दिसले, तिरके, अर्धे पाण्यातून. दुसऱ्यांदा टण्ण. मी पलीकडच्या भिंतीला हात लावला, पाय रोवले, आणि डोकं वर काढलं. मामांनी बांबू खांद्याला लावला होता आणि दोन्ही हातांचा कर्णा करून पंचवीस मीटर पलीकडून आख्ख्या बॅचला ऐकू जाईल असे ओरडत होते,

"ओ डॉक्टर! सोफा! सोफा आलाय तुमचा!"